भागीचा डावा हात

तवा तिथं कोन कोन व्हतं ते आधी सांगते, म्हंजे मागनं कुनी म्हनाया नगं की म्हातारीनं मनचं रचलं. बालवाडीच्या सुशीलाबाई व्हत्या, पुन्याकडच्या. भागी व्हती, पाच-सहा वर्साची. भागीची आजी म्हाळसाबाई व्हती, तिचा ल्योक दगडू व्हता, आन् सून चंद्रा, म्हंजे भागीची आई. रामा कुंभार व्हता, त्यो तापानं पडल्याला. आन् मी व्हते. मला समदी आक्का म्हनायची. ह्यातल्या आता मी आन् भागी दोघीच उरलोय. बाकी समदी गेली. मेल्या मानसावर राग धरू न्हाई म्हनत्यात. मी धरलाय.

मी सांगते आन् दिराची नातसून लिवती. मघाशी म्हनाली, "आजी, जरा नीट बोला, दिवाळीच्या अंकात छापायचंय." मी म्हनलं, मी नीटच बोलते, तू नीट लिव.

आमचं गाव भोसरीच्या पुढं, चाकणच्या वाटंला. आता तिथं निसती पत्र्याची शेडं हायेत आन् शिफ्ट सुटली की गाड्यांची रांग. तवा जोंधळा, बाजरी, भुईमूग. माझं मालक लगीन झाल्यावर दोन पावसाळं बी न्हाई जगलं. पोरबाळ न्हाई. दिराच्या घरात एका कोपऱ्यात चूल मांडून दिल्याली, तेवढंच. त्यात पुन्याच्या कुठल्या संस्थेनं गावात बालवाडी काढली, भैरोबाच्या देवळामागच्या पडवीत. शिकवायला बाई त्येंनी आनली. पोरं गोळा कराया, न्हाऊ-माखू घालाया गावातली बाई पायजे व्हती. घरंदाज सुना असल्या कामाला येत न्हवत्या. मी रांडमुंड, मला कोन इचारतंय! मी गेले. दुसरी शिकल्याली, तेवढ्यावर मला घेतली. कागदावर माझं नाव 'दाई'.

दाईचं काम काय ते सांगते, कारन लोकास्नी वाटतं पोरं सांभाळायची म्हंजे पोरं धरून बसायचं. सकाळी दारोदार जायचं. "पाठवताय न्हवं?" म्हनायचं. कुनाचं पोर झोपल्यालं, कुनाचं म्हशीमागं गेल्यालं, कुनाची आई म्हनायची, "ऱ्हाऊ दे आज, धाकटं कोन बघंल?" मग धाकटं बी कडंवर घ्यायचं. देवळाच्या आडावर नेऊन तोंडं धुवायची, नखं काढायची, उवा बघायच्या. मग बाई गानी घ्यायच्या. मग हातकाम.

हातकाम म्हंजे आमचा खरा धंदा. इकत काय आनत न्हवतो. चिंचोके आन् सागरगोटे एकात मिसळायचे आन् पोरांनी येगळे करायचे, मग चिंचोक्याच्या ओळी लावायच्या, फुलं करायची, मोजायचे. पळसाच्या पानाचं द्रोन टाचायचं. जोंधळ्याची चिपाडं सोलून त्येच्या भेंडाची बैलगाडी करायची, बाभळीच्या काट्यानं जोडायची. हळद, कुंकू, नीळ कालवून रंग करायचा. एका पोरानं एकदा चिंचोका नाकात घातला, पार वर गेला. बाईंच्या तोंडचं पानी पळालं. मी पोराला उचललं आन् त्येच्या आज्याकडं नेलं, आज्याची तपकिरीची डबी घेतली आन् चिमूट लावली पोराच्या नाकाला. शिंक आली तशी चिंचोका समोरच्या भितीवर. आजा म्हनला, "शाळंत हेच शिकिवता व्हय गं? आन् माझी तपकीर कोन देनार?"

पन समद्यात पोरांना ग्वाड लागायची ती माती. ओढ्याच्या काठची चिकन माती आनायची, वाळवायची, कुटायची, चाळायची, भिजत घालायची. रामा कुंभार थोडी गाढवाची लीद द्यायचा, ती घालून पायानं तुडवायची, म्हंजे वाळताना भेगा पडत न्हाईत. माती बेतात आली का ते बघायला एक वळी करायची, शेवयासारखी, आन् बोटाभवती गुंडाळायची. तडकली तर पानी कमी, हाताला चिकाटली तर जास्त. पोरं आधी गोळा करत्यात, मग वळी, मग चकती. वळी जमली की बोटाला अक्कल येती. मग पाटीवर पेन्शिल कशी धरायची ते सांगावं लागत न्हाई. हे मला बाईंनी सांगितलं आन् मी डोळ्यानं बघितलं.

गाव काय म्हनायचं? "आक्का चिखल तुडिवती आन् पगार घेती." म्हनू दे.

भागी डावरी व्हती. तिला काय बी द्या, आधी डावा हात म्होरं यायचा. डावा हात म्हंजे आमच्याकडं कशाचा हात ते तुमास्नी ठावं हाय. त्या हातानं भाकर न्हाई, देव न्हाई, देनं न्हाई, घेनं न्हाई. म्हाळसाआत्यांनी त्येच्यावर इलाज काढला व्हता. जुन्या लुगड्याची दशी घेऊन पोरीचा डावा हात कमरंला बांधून टाकायच्या, सकाळी उठल्यापास्नं निजंपर्यंत. मी पैल्या दिशी आनाया गेले तवा ती दारात अशी हुबी, जसं कोंबडीचं एक पंख बांधल्यालं असावं.

"आत्याबाई, हे काय?"

"सवय लागती. बालवाडीत बी सोडायची न्हाई, सांगून ठिवते. सोडलीस तर पोर धाडनार न्हाई."

मी मान हालवली. घराच्या वळनावर चिंचंचं झाड व्हतं, तितं आले आन् गाठ सोडली. दुपारी परत सोडाया जाताना त्याच झाडाखाली बांधली. तसंच मग रोज. भागी एकदा मला म्हनती, "आक्का, गाठ ढिली बांध, पन दिसाया घट दिसू दे." एवढीशी पोर! मला हसू आलं आन् मग हसू यायची लाज वाटली.

मोकळा हात मिळाला की भागी मातीवर तुटून पडायची. आमच्याकडं पोळा भादव्यात असतो, त्यो आला तवा बाई म्हनाल्या, सगळ्यांनी बैल करूया. आता पोरांचे बैल तुमी बगितलेच असतील. एकाचा बैल कुत्र्यावानी, एकाचा वांग्याला चार काड्या टोचल्यावानी. एकानं नुसता गोळा ठिवला आन् म्हनला, "बसलाय." भागीनं जोडी केली. वशिंड व्हतं, गळ्याखाली लोंबनारी पोळी व्हती, शिंगं मागं गेल्याली. आन् एका बैलाची मान जरा वळल्याली.

मी इचारलं, "मान का गं वाकडी?"

"माशी बसलीय त्येच्या पाठीवर. आमचा ढवळ्या असाच बगतो."

बाईंनी ती जोडी फळीवर मधोमध ठिवली.

आमच्याकडं पोळ्याला मातीचे बैल पुजत्यात. ज्येच्या दावनीला बैल हायेत त्यो बी पुजतो, ज्येच्याकडं न्हाईत त्यो बी. कुंभारानं पाटीत घालून घरोघर जोडी द्यायची आन् त्येला सुपानं धान्य घालायचं, अशी रीत. त्या वर्षी रामा कुंभार तापानं पडला. पोळ्याच्या आदल्या दिशी समद्या बायांच्या ध्यानात आलं की पाटी आलीच न्हाई. मग कुनाला तरी सुचलं की बालवाडीत बैल हायेत. एकेक बाई आली आन् आपापल्या पोराचं घेऊन गेली. वांग्यावानी बैल बी गेला, बसल्याला गोळा बी गेला, देवाला काय, भाव चालतो. म्हाळसाआत्या आल्या आन् भागीची जोडी बगून अशा फुगल्या! चार बायांत म्हनाल्या, "माझ्या नातीचं काम बगा. सवय लावली की व्हतंय. आता उजव्या हातानं कसं करती बगा."

मी खरं सांगितलं न्हाई. बाईंना दशीचं काय बी ठावं न्हवतं. त्या आडावर व्हत्या.

पोळा झाला. म्हाळसाआत्यांनी जोडी पाटावर मांडली, हळदकुंकू व्हाईलं, पुरनपोळी दावली. दुसऱ्या दिशी बाई वाटंनं चालल्या व्हत्या, म्हाळसाआत्या वट्यावर बसल्याल्या. बाई थांबल्या. चांगलं बोलाया थांबल्या हो.

"आजी, भागीची जोडी आवडली ना? डाव्या हातानं इतकं सुरेख काम मी कुठंच पाहिलं नाही."

म्हातारी तशीच उठली, आत गेली. बाई माझ्याकडं येऊन म्हनाल्या, "आजींना ऐकू कमी येतं का हो?" मी म्हनलं, "काय बोलला तुमी?" त्येंनी सांगितलं. मी म्हनलं, "बाई, घात झाला." गल्लीतल्या बायांनी सांगितलं की म्हातारीनं पाटावरची जोडी उचलून उकिरड्यावर टाकली.

आन् त्याच दिशी ढवळ्या मेला.

कसा मेला ते समद्या गावाला ठावं व्हतं. पाऊस उघडल्याला, कवळा जोंधळा हिरवागार. दगडूनं दावनीचा दोर सैल बांधला, बैल सुटला, कवळ्या जोंधळ्यात शिरला, पोट फुटंस्तवर खाल्लं, फुगला आन् पडला. कवळा जोंधळा खाऊन जनावर जातं हे शेंबडं पोर बी सांगंल. पन घरात असा बैल पडला की कुनाच्या तरी बोकांडी बसवावं लागतं. दोर सैल बांधला कुनी? दगडूनं. डागली कुनाला? भागीला.

सकाळी मी नेहमीवानी गेले. दार लोटल्यालं. हाक मारली. म्हाळसाआत्या आतनंच म्हनाल्या, "ती न्हाई येनार. आता कवाच न्हाई येनार."

"का?"

"तुला काय करायचंय? तूच सोडलीस न्हवं दशी? देवाचा बैल डाव्या हातानं केला. घरचा बैल गेला. अजून काय बगायचंय तुला?"

आतनं भागीचा आवाज आला. रडत न्हवती. कन्हत व्हती, जनावर कन्हतं तसं. मी दार ढकललं. आतापर्यंत मी त्या घराचा उंबरा त्येंच्या हुकुमाबिगर कवा वलांडला न्हवता. चुलीपाशी भागी बसल्याली, डाव्या हाताला चिंधी, चिंधीतनं पानी गळतंय. चंद्रा कोपऱ्यात भितीला डोकं टेकून. दगडू दावनीकडं तोंड करून बसल्याला, रिकाम्या दावनीकडं. आन् चुलीशेजारी उलथनं पडल्यालं.

मी चिंधी सोडली. ते मी सांगत न्हाई. नातसून म्हनती सांगा, वाचनाऱ्याला कळाया पायजे. वाचनाऱ्याला हात असतील. त्येनं आपला तळहात बगावा आन् समजावं.

मी पोरगी कडंवर घेतली.

"खाली ठिव तिला," म्हाळसाआत्या म्हनाल्या. "ए मुंडे, नवरा खाल्लास, आता आमच्या घरात शिरतीस?"

"व्हय, शिरले. दगडूभावजी, तुमी बोला कायतरी."

दगडू म्हनला, "आईनं केलं ते इचार करूनच केलं असंल."

मला त्या वाक्याचा जितका राग हाय तितका उलथन्याचा बी न्हाई. म्हातारीला तिच्या आईनं, आजीनं जे शिकिवलं ते तिनं केलं, अडानी व्हती. पन ह्यो गडी? त्येला ठावं व्हतं दोर कुनी सैल बांधला. त्यो एक सबूद बोलला असता, "आये, दोर माझ्याकडनं ढिला ऱ्हायला," तर पोरीचा हात वाचला असता. त्यो गप बसला. पोरीचा हात जळत व्हता आन् त्यो आपली इज्जत झाकत व्हता.

तवा चंद्रा बोलली. सासूपुढं तिचा आवाज मी त्या दिशी पैल्यांदा ऐकला. म्हनली, "आक्का, घेऊन जावा तिला."

म्हातारी तिच्याकडं वळली तवर मी भाईर.

डाक्टर चाकणला. बैलगाडी मागायला गेले तर कुनी म्हनलं चाक मोडलंय, कुनी म्हनलं बैल दमलाय. म्हाळसाबाईच्या घराशी वाकडं घ्यायला कोन तयार व्हतं? बाई पळत आल्या. वाटंत रामा कुंभाराचं घर. त्यो गोधडी गुंडाळून दारात बसल्याला, अंगात हुडहुडी.

"वैनी, काय झालं?" मी हात दावला. त्येनं डोळं मिटलं. मग म्हनला, "माझ्याकडं बैल न्हाई. गाढव हाय. चालंल का?"

आता गाढवावर बसवायचं म्हंजे आमच्याकडं धिंड काढायची. चोराची काढत्यात, तोंड काळं करून. बाई म्हनाल्या, "आक्का, लोक काय म्हणतील?" मी म्हनलं, "लोकांनी गाड्या दिल्या न्हाईत, आता त्येंनी बगावं." भागीला गाढवावर बसवलं, मागनं मी धरलं, म्होरं बाईंनी दोर धरला. पुन्याच्या शिकल्याल्या बाई, पांढरं पातळ, गाढवाचा दोर धरून मधल्या आळीतनं चालल्या. पोरं मागं लागली. एक म्हातारा देवळाच्या पारावरनं वरडला, "अगं आक्के, कुनाची धिंड काढलीस?"

मी म्हनलं, "तुमची. समद्यांची."

त्या म्हाताऱ्यानं खाली मान घातली. बाकीच्यांनी घातली न्हाई.

वाटंनं बाई रडाया लागल्या. "माझ्या बोलण्यानं झालं आक्का." मी म्हनलं, "बाई, उलथनं तुमच्या हातात न्हवतं. रडू नका, दोर नीट धरा, गाढव भलतीकडं चाललंय." भागीला हसू आलं. त्या दुखन्यात हसली. मला अजून त्येचं नवल वाटतं.

डाक्टरनं मलम लावलं, पट्टी बांधली. मग मला बाजूला घेऊन सांगितलं, "जखम भरेल. पण भाजलेली कातडी भरताना आखडते. बोटं आत ओढली जातील. जखम सुकली की रोज बोटं हलवली नाहीत तर मूठ मिटलेलीच राहील, कायमची." मी इचारलं, "माती मळली तर चालंल का?" डाक्टर जरा इचार करून म्हनला, "कातडी पूर्ण धरल्यावर. स्वच्छ माती, कोमट पाणी. चालेल, उलट चांगलं."

सांजच्याला पोर परत चंद्राच्या हवाली केली, दुसरीकडं कुठं ठिवनार? मग माझं एकच ध्यान ऱ्हायलं. भागीची मूठ मिटू द्यायची न्हाई.

पन गावातनं पुन्याच्या संस्थेपातुर तक्रार गेली. मोटारीनं मोठ्या बाई आल्या. धूळ झटकत पडवीत बसल्या, पोरांकडनं एक गानं ऐकलं, फळीवरचे ऱ्हायलेले बैल बगून म्हनाल्या, "वा, गोड आहेत." मग सुशीलाबाईंना म्हनाल्या, "हे पाहा, गावात आपण पाहुण्या. लोकांच्या घरच्या गोष्टीत पडायचं नाही. गाव तापलंय तोवर मातीकाम बंद ठेवा. गाणी घ्या, अंक घ्या."

मी दारात हुबी व्हते. म्हनलं, "मी पाव्हनी न्हाई. मी ह्या गावची सून हाय. आन् त्या पोरीचा हात बंद पडंल."

मोठ्या बाई म्हनाल्या, "दाईनं मध्ये बोलू नये."

आता बगा. म्हाळसाबाई अडानी, तिच्यावर राग हायेच. पन ही शिकल्याली, मोटारीतनं आल्याली, लेकरांच्या भल्यासाठी संस्था चालिवनारी. हिनं भागीला बोलावून हात बी बगितला न्हाई. तिला बैल गोड वाटले. ज्या हातानं केले त्यो बगायचा न्हवता.

तर मग बालवाडीत माती बंद. बरं. मी पोरं घरी सोडली की दुपारी मातीचा गोळा वल्या फडक्यात गुंडाळायचे आन् म्हाळसाबाईच्या घरासमोर, वाटंच्या पल्याड एका दगडावर जाऊन बसायचे.

"माझ्या दारात चिखल नगं!"

"दार तुमचं, वाट सरकारी."

"लाज न्हाई?"

"न्हाई."

भागीची जखम सुकली व्हती. चंद्रा तिला कायतरी निमित्त काढून भाईर धाडायची. "जा गं, शेळी कुठं गेली बग." शेळी दारातच बांधल्याली. भागी येऊन माझ्यापुढं बसायची. कोमट पानी, तेल, मग माती. आधी तर माती तिच्या हातात ठिवली की ती धरताच येईना, बोटं आकड्यावानी आत वळल्याली. मी तिच्या बोटावर माझी बोटं ठेवून दाबायचे. कातडी तानली की पोर वठ चावायची. शिव्या द्यायची मला, गड्यावानी शिव्या. मी म्हनायचे, "दे. पन दाब." म्हातारी वट्यावरनं बगायची. कवा कवा वरडायची, "सोड तिला, रडतीय ती!" मला असं वाटायचं की उठावं आन्... जाऊ दे. मी उठले न्हाई. मी उठले असते तर भागीचं काम ऱ्हायलं असतं.

एक दिस सुशीलाबाई आल्या आन् माझ्या शेजारी मातीतच बसल्या. मी म्हनलं, "बाई, तुमची नोकरी जाईल." म्हनाल्या, "शाळा सुटलीय आक्का. सुटल्यावर मी कुठं बसायचं ते माझं मी ठरवते." आन् वळ्या करू लागल्या. भागीपेक्षा वाकड्या. भागी त्येंना म्हनली, "बाई, पानी जास्त झालंय तुमच्या मातीत."

अंगठा सुटला. मग त्येच्या शेजारचं बोट. मग मधलं. पैली वळी जवा अख्खी झाली, न तुटता, ती भागीनं माझ्या बोटाला गुंडाळली आंगठीवानी. तडकली न्हाई. करंगळी आन् तिच्या शेजारचं बोट मातुर सुटलं न्हाई. ते आजबी तसंच हाय, तळहाताला टेकल्यालं. आमी लई केलं. न्हाई सुटलं. ह्येचं मला वाईट वाटतं, राग बी येतो, पन ज्येंच्यावर काढायचा ती समदी मातीआड गेली.

गावातल्या कुना वडीलधाऱ्यानं मधी पडून सांगितलं म्हना, का म्हातारीच थकली म्हना, भागी बालवाडीत परत याया लागली. दशी बांधायची बंद झाली. भाजल्याल्या हाताला आता काय बांधायचं, म्हनून बंद झाली. समजूत येऊन न्हाई.

फिरून भादवा आला. ह्या खेपेला रामा कुंभार खडखडीत बरा, पाटी भरून दारोदार गेला. समद्यांनी त्येच्याकडनंच घेतलं. बालवाडीतली मातीबी तवर परत सुरू झाली व्हती, मोठ्या बाईंना इसर पडला असंल. भागीनं फिरून जोडी केली, डाव्या हातानं, तीन बोटांनी. फळीवर ठिवली. बायका पोरांना न्याया यायच्या, त्या फळीकडं बगायच्या न्हाईत. जशी काय तितं इंगळी बसलीय.

पोळ्याच्या दिशी मी ती जोडी माझ्या चुलीशेजारी पाटावर मांडली. पुरन घालाया गूळ न्हवता, भाकरी ठिवली. जाऊबाई दारातनं म्हनाली, "आक्का, डाव्या हाताचे बैल पुजतीस? काय इपरीत झालं म्हंजे?" मी म्हनलं, "नवरा गेला, पोर न्हाई, दावनीला बैल न्हाई. माझ्याकडं मरायला काय हाय? पुजते मी."

कुंकू लावनार तवर भाईर गलका झाला. बगते तर वाटंनं चंद्रा येतीय. हातात ताट, ताटात हळदकुंकू, पुरनपोळी, दिवा. भागी तिचं लुगडं धरून. मागं वट्यावर म्हाळसाबाई हुबी, वरडतीय, "चंद्रे, मागं फिर! घरात पाय ठिवू देनार न्हाई!" दगडू तिच्या शेजारी, गप. त्यो कायमचाच गप. आळीतल्या बाया दारादारांत हुब्या. चंद्रा कुनाकडं बगत न्हवती, निसत्या दिव्याला वारं लागू नये म्हनून पदर आडवा धरला व्हता.

ती माझ्या घरात आली, पाटापुढं बसली, बैलांस्नी कुंकू लावलं. मग भागीला म्हनली, "तू लाव."

भागीनं उजवा हात म्होरं केला. सवयीनं.

चंद्रानं त्यो मागं घेतला आन् म्हनली, "त्या हातानं."

भागीनं तीन बोटांनी कुंकू घेतलं आन् लावलं. चंद्रानं माझ्या हातावर पोळी ठिवली आन् दोघी गेल्या. त्या रातीला तिला मार पडला, गल्लीनं ऐकला. सकाळी पान्याला आली तवा तोंड सुजल्यालं. मला बगून म्हनली, "पोळी गोड झालती का?"

"लई गोड झालती," मी म्हनलं.

भागी चौथीपातुर शिकली. तिच्या काळात तेवढं लई. आता रावेतला नातवाकडं असती, डाव्या हातानं भाकरी थापती, तीन बोटांनी, आन् कुनी टोकलं तर गड्यावानी शिव्या देती.

वाचनाऱ्याकडं माझं एकच मागनं हाय. तुमच्या घरात, शेजारी, शाळंत एखादं लेकरू डाव्या हातानं खडू, चमचा, माती काय बी धरत असंल, तर ते त्येच्या हातातनं काढून दुसऱ्या हातात देऊ नका. हाय त्या हातात ऱ्हाऊ द्या.